आधी जेवणाचं ठरवा, मग राईडचं

ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायला अजून दोन महिने असतात, बॅगा माळ्यावरून खालीही आलेल्या नसतात, आणि तरीही एका दुपारी साडेतीनला पुण्यात मोबाइल हातात घेऊन तयार बसावं लागतं. तिथल्या बसून जेवायच्या रेस्टॉरंटांमधली टेबलं ६० दिवस आधीपासून राखता येतात. बुकिंग फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहाला उघडतं, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे दुपारचे साडेतीन आणि थंडीत साडेचार. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल, तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजायचे आणि त्याच बैठकीत दहा दिवसांपर्यंतची जेवणं ठरवून टाकायची. बाहेर उतरणाऱ्यांना मात्र रोज एकेका दिवसाचं बुकिंग करावं लागतं.

सहलीची आखणी करताना आपल्याकडे राईडची यादी आधी तयार होते. कोणता रोलरकोस्टर, कोणती परेड, आतषबाजी कुठून बघायची, हे मुलं पाठ करून बसतात. जेवणाचं ‘तिथे गेल्यावर बघू’ असतं. कुटुंबाच्या सहलीसाठी मी याच्या नेमकं उलट सांगेन. थीम पार्कचा दिवस सकाळी उजाडताच सुरू होतो आणि रात्रीच्या आतषबाजीपर्यंत चालतो. दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. या सगळ्यात सहा वर्षांचं मूल आणि सत्तरी ओलांडलेली आजी एकाच वेळी खाली बसतात, पाणी पितात आणि एकमेकांकडे बघतात, ते फक्त जेवताना. ती वेळ आधी पक्की केली की बाकीचा दिवस तिच्याभोवती नीट बसतो. जी घरं ती पक्की करत नाहीत, त्यांचा दिवस दुपारी दीडच्या सुमारास रडारडीत आणि चिडचिडीत जातो. कोणत्याही पार्कात त्या वेळी फिरून बघा, काउंटरसमोरच्या रांगेत अशी घरं दिसतातच.

आमचं गणगोत सात जणांचं होतं. आई, ताई, मेव्हणे, भाची आणि आम्ही तिघं. ताईचं कुटुंब न्यू जर्सीहून येणार होतं. राहायला आम्ही पार्कच्या दक्षिणेला किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील बरोबर असतील, तर असं घर फार उपयोगी पडतं, कारण निदान सकाळचा चहा, पोहे आणि रात्रीचा वरण-भात आपल्या हातात राहतो.

जागेचा अंदाज

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या जागेत चार मोठे पार्क आहेत: १९७१मध्ये उघडलेलं मॅजिक किंग्डम, १९८२चं एपकॉट, १९८९चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८चं ॲनिमल किंग्डम. शिवाय दोन वॉटर पार्क, दोन डझनांहून अधिक हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाची दुकानांची आणि खाण्यापिण्याची पेठ. पार्कांच्या मधून बस, मोनोरेल, बोटी आणि काही मार्गांवर केबल कार धावतात. तरीही एका पार्कमधून दुसऱ्या ठिकाणच्या टेबलावर पोचायला तासभर धरूनच चालावं. म्हणून पहिला नियम असा: ज्या दिवशी जो पार्क, त्या दिवशी त्याच पार्कात किंवा त्याच्या अगदी शेजारी जेवण. नकाशावर जवळ दिसणारी जागा बस, थांबा आणि सुरक्षा तपासणी धरून लांबच पडते.

जेवणाच्या जागांचे ढोबळ दोन प्रकार. एक, काउंटरवरून घ्यायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. दोन, टेबलावर बसायचं आणि वाढपी आणून देणार. दुसऱ्या प्रकारात काही ठिकाणी मिकी, डोनाल्ड, सिंड्रेला ही मंडळी प्रत्यक्ष टेबलाशी येतात. पार्कमध्ये अशा पात्रांना भेटायला वेगळ्या रांगा लागतात आणि एकेका रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. लहान मूल बरोबर असेल तर हे जेवण महाग असूनही हिशेबात बसतं, कारण मूल खुर्चीत बसलेलं असतं, आजी बसलेली असते, आणि चार-पाच पात्रं आपणहून येऊन सही देतात, फोटो काढून घेतात.

पार्कमधल्या जेवणाचा प्रश्न पार्कांइतकाच जुना आहे. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक माणसं आत आली, रेस्टॉरंटांमधलं खाणं संपलं आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे राहिले. सोळा वर्षांनी फ्लोरिडात मॅजिक किंग्डम बांधलं, तेव्हा पाहुणे चालतात त्या रस्त्यांच्या खाली बोगद्यांचं जाळंच उभारलं गेलं. माल, कर्मचारी, कचरा, सगळं त्या बोगद्यांतून हलतं. आपल्या ताटातला बर्गर किंवा भात वर येण्याआधी खालून प्रवास करून आलेला असतो, आणि म्हणूनच वरच्या गर्दीत मालाच्या गाड्या कुठेही आडव्या येत नाहीत.

घड्याळ बदला, रांग टळते

अमेरिकन कुटुंबं दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान आणि संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान जेवतात. या दोन वेळांना काउंटरवर झुंबड असते. आपण सकाळी सहा-साडेसहाला पोहे खाऊन निघालो, तर अकरा वाजता भूक लागलेलीच असते. तेव्हाच जेवावं. काउंटर नुकतंच उघडलेलं असतं, सावलीतलं किंवा एसीतलं टेबल मिळतं, आणि बारा वाजता बाकीचे जेवायला वळतात तेव्हा आपण राईडच्या रांगेत असतो.

दिवसाचं मोठं जेवण मी दुपारी तीनच्या आसपास ठेवायला सांगेन, आणि ते टेबलावर बसून. याला तीन कारणं आहेत. पहिलं हवामानाचं. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात पारा ३२-३३ अंशांवर असतो, हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते आणि दुपारी बहुतेक दिवशी विजांसह पाऊस कोसळतो. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राईड बंद करतात. त्या तासा-दीड तासात आपण थंड खोलीत जेवत असलो, तर दिवसातलं काहीच बुडत नाही. दुसरं कारण बुकिंगचं. संध्याकाळी सहा-सातची टेबलं पहिल्या काही मिनिटांत उडतात, पण बरीचशी रेस्टॉरंटं दुपारभर चालू असतात आणि अडीच-तीनची टेबलं त्या मानानं सहज मिळतात. तिसरं कारण वयाचं. आईसारख्या माणसाला दुपारी पाठ टेकायची सवय असते. पाठ टेकता आली नाही, तरी दीड तास गादीच्या खुर्चीत बसलं की संध्याकाळची परेड बघायला अंगात बळ येतं.

काउंटरवरचं जेवण मोबाइलवरून मागवावं. डिस्नेच्या ॲपमध्ये रेस्टॉरंट निवडायचं, पदार्थ निवडायचे, पैसे भरायचे आणि घ्यायला येण्याची वेळ ठरवायची. ही वेळ महत्त्वाची, कारण प्रत्येक वेळेला ठरावीक ऑर्डरीच घेतात. साडेबाराला भूक लागल्यावर ॲप उघडलं तर पुढची मोकळी वेळ सव्वा किंवा दीडची निघू शकते. म्हणून सकाळी पार्कात शिरण्याच्या रांगेत उभं असतानाच अकराची वेळ घेऊन टाकायची. नंतर दारापाशी पोचलो की ‘मी आलो आहे, तयार करा’ अशा अर्थाचं बटण दाबायचं. तोपर्यंत स्वयंपाकघर आपलं काहीच शिजवत नाही, त्यामुळे राईड लांबली तरी अन्न गार होत नाही. आमच्याकडे हे काम भाचीकडे होतं. ती बटण दाबायची, बायको आणि मुलगा टेबल धरायचे, मेव्हणे ट्रे आणायचे.

शिदोरी न्यायला मुभा आहे

बाहेरचं खाणं पार्कमध्ये चालत नाही, असा अनेकांचा समज असतो. डिस्ने वर्ल्डमध्ये चालतं. काचेची भांडी नकोत, दारू नको, सुटा बर्फ नको, आणि तिथे गरम करावं लागेल असं काही नको, एवढेच मुख्य नियम. थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू, सँडविच, फळं, सगळं पिशवीतून नेता येतं. सुरक्षा तपासणीत पिशवी उघडून दाखवावी लागू शकते, म्हणून खाण्याचे डबे एकत्र, वरच्या कप्प्यात ठेवावेत. पाण्याच्या बाटलीचे चार डॉलर वाचवायचे असतील, तर शीतपेयांचं यंत्र असलेल्या कोणत्याही काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागावा. तो फुकट मिळतो, वस्तू विकत घेतली नसली तरी.

तान्हं बाळ बरोबर असेल तर प्रत्येक पार्कात बाळांसाठी वेगळं केंद्र असतं. तिथे दूध पाजायला आडोशाच्या खोल्या, उंच खुर्च्या, सिंक आणि मायक्रोवेव्ह आहे. बाळाचा मऊ भात तिथे गरम करता येतो, आणि केंद्र थंड व शांत असल्यानं बाळाला तासभर झोपही मिळते. डिस्नेच्या साध्या हॉटेल खोल्यांमध्ये छोटा फ्रिज असतो पण मायक्रोवेव्ह नसतो. तो खालच्या खाद्यदालनात असतो.

भारतातून खाऊ नेताना एक पथ्य पाळावं. विमानतळावर उतरताच कस्टमला सगळे खाद्यपदार्थ जाहीर करावेत. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊच नयेत. जाहीर केलेला चिवडा सहसा पुढे जातो, लपवलेला आंबा मात्र दंडाला कारण होतो. किराणा तिथेही मिळतो. ऑरलँडोच्या दक्षिण भागात भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत. पहिल्याच संध्याकाळी तांदूळ, मूगडाळ, दही आणि लोणचं आणून ठेवलं की रात्रीची काळजी मिटते.

शाकाहारी माणसाचं ताट

डिस्नेच्या मेन्यूवर काही पदार्थांपुढे हिरवं पान छापलेलं असतं. त्या पदार्थात मांस, मासे, अंडं, दूध आणि मधही नसतो. आपल्या दृष्टीनं हे चिन्ह विश्वासाचं आहे, पण अपुरंही आहे, कारण चीज पिझ्झा किंवा मॅकरोनी अँड चीज यांना ते पान मिळत नाही. तेव्हा दूध चालणाऱ्या शाकाहाऱ्यानं फक्त पान शोधत बसू नये, मेन्यू पूर्ण वाचावा.

अमेरिकन स्वयंपाकघरात काही प्रश्न मुद्दाम विचारावे लागतात. सूप भाजीचं असलं तरी ते कोंबडीच्या रश्शात उकळलेलं आहे का? भात कशात शिजवलाय? बीन्समध्ये चरबी आहे का? जपानी नूडल्सच्या सारात मासे आहेत का? केक आणि कस्टर्डमध्ये अंडं असतंच, मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं. हे विचारायला संकोच करू नये. तिथले कर्मचारी या बाबतीत फार सोशिक आहेत, आणि बसून जेवायच्या ठिकाणी ॲलर्जी किंवा पथ्य सांगितलं तर अनेकदा शेफ स्वतः टेबलाशी येतो. बुकिंग करतानाही पथ्याची नोंद करता येते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी टेबलाच्याच जागा निवडाव्यात. काउंटरवर सॉस आधीच तयार असतात, त्यातला लसूण काढून देणं कुणाच्याच हातात नसतं.

कोणत्या पार्कात काय

मॅजिक किंग्डममध्ये राईडची संख्या सगळ्यांत जास्त, म्हणून इथे दिवसाचा वेळ सर्वांत मोलाचा. अकराच्या जेवणाला कॉस्मिक रेज हे प्रशस्त, थंड दालन बरं पडतं. तिथे सनी इक्लिप्स नावाचा यांत्रिक परग्रहवासी पियानोसारख्या वाद्यावर गात असतो आणि लहान मुलं त्याच्यासमोर घास गिळायचं विसरतात. शाकाहारी बर्गर तिथे मिळतो. पिनोकिओ व्हिलेज हाऊसमध्ये चीजचा पातळ पिझ्झा मिळतो, आणि खिडकीशी जागा मिळाली तर ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या बोटी खालून जाताना दिसतात. दुपारच्या उन्हात अलोहा आइलपाशी अननसाचं डोल व्हिप घ्यावं. नुसतं अननसाचं घेतलं तर त्यात दूध नसतं.

टेबलासाठी दोन जागांची नावं सगळे घेतात. एक सिंड्रेलाज रॉयल टेबल, प्रत्यक्ष किल्ल्याच्या आत, जिथे राजकन्या भेटतात. दुसरी २०१२मध्ये सुरू झालेलं बी अवर गेस्ट. ‘ब्युटी अँड द बीस्ट’मधल्या महालाची ही प्रतिकृती तीन दालनांत विभागली आहे. आम्हाला मोठ्या नृत्यदालनात जागा मिळाली. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि इथे उंच कमानदार खिडक्यांपलीकडे संथपणे बर्फ पडत होता. आई बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली, मग म्हणाली, “अरे, हे खरं नाही ठाऊक आहे मला, पण गार वाटतंय बघ.” इथे ठरावीक दराचं तीन भागांचं जेवण असतं. माणशी खर्च मोठा आहे. ज्या घरात ही कथा लाडकी आहे, त्यांनीच तो करावा. इतरांनी त्याच पैशात दोन साधी जेवणं करावीत.

एपकॉट हे खाण्यासाठीच जावं असं पार्क आहे. तळ्याभोवती सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर अकरा देशांची दालनं: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. हा भाग सहसा सकाळी अकराला उघडतो, त्यामुळे त्याआधी पुढच्या भागातल्या राईड आटपायच्या आणि मग खात खात तळं चालायचं. इथे एकच मोठं जेवण करण्यापेक्षा प्रत्येक दोन-तीन देशांनंतर एक पदार्थ सगळ्यांत वाटून घ्यावा. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत कायमची संध्याकाळ असते आणि पाण्याकाठी दिव्यांच्या उजेडात लोक जेवत असतात. नॉर्वेच्या बेकरीत ‘स्कूल ब्रेड’ नावाचा गोड पाव मिळतो. आत कस्टर्ड, वर साखरेच्या पाकात घोळवलेलं भाजकं खोबरं, आणि पिठातच वेलची. तो तोडला की नारळीपाकाच्या ताटासारखा वास येतो. कस्टर्डमुळे त्यात अंडं आहे, हे शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. इटलीत व्हिया नापोलीच्या भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हिओ आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत. तिथला मार्गेरिटा पिझ्झा मोठ्या आकारात घेतला तर तीन-चार जणांना पुरतो.

याच पार्कात ‘लँड’ नावाच्या इमारतीत मातीविना शेती दाखवणारी बोटीची सफर आहे. पाण्यावर आणि हवेत मुळं सोडलेली वांगी, टोमॅटो, काकड्या अगदी जवळून दिसतात. त्या शेतातला काही माल त्याच इमारतीतल्या रेस्टॉरंटांमध्ये वापरला जातो. वरच्या गार्डन ग्रिलमध्ये जेवणाचा मजलाच सावकाश गोल फिरतो आणि खालची बोटीची सफर दिसत राहते. शेतीतून आलेल्या घरातल्या माणसांनी ही सफर आणि हे जेवण एकाच दुपारी करावं.

आमचा एपकॉटचा दिवस आणि आईची संकष्टी एकत्र आली. उपास सोडायचा नव्हता आणि पार्कही. ताईनं पहाटे साबुदाण्याची खिचडी केली, डब्यात भरली, बरोबर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. आम्ही पिझ्झा खात असताना आईनं त्याच टेबलावर आपला डबा उघडला. कुणी हरकत घेतली नाही, उलट वाढपी मुलीनं कुतूहलानं विचारलं की हे मोती कसले. चतुर्थीचा चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे तळ्यावरची रात्रीची आतषबाजी बघून घरी परतायला पुरेसा वेळ होता. कुकर लावला, वरण-भात झाला, अंगणातून चंद्र दिसला आणि आई जेवली. उपासाचा दिवस असेल तर पंचांगातला चंद्रोदय मात्र ऑरलँडोचा बघावा, पुण्याचा नव्हे.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये जेवणही नाटकासारखं आहे. साय-फाय डाइन-इनमध्ये अंधाऱ्या दालनात जुन्या उघड्या मोटारींच्या आकाराची टेबलं आहेत आणि समोर पडद्यावर जुन्या विज्ञानपटांचे तुकडे चालू असतात. खोली थंड आहे, पण सगळे पडद्याकडे तोंड करून बसतात, म्हणून गप्पा हव्या असतील तर ही जागा नको. गप्पांसाठी फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे आहे. तिथे १९५०च्या दशकातली घरगुती स्वयंपाकघरं मांडली आहेत आणि वाढपी घरातल्या मावशी-काकांसारखे वागतात. माझ्या मुलानं कोपर टेबलावर ठेवलं तर त्याला दटावलं गेलं, बीन्स ताटात उरल्या तर त्या संपवल्याशिवाय गोड मिळणार नाही असं बजावलं गेलं. आईला इंग्रजी जेमतेम कळतं, पण हे दटावणं तिला शब्दन्‌शब्द कळलं. स्टार वॉर्सच्या भागातलं निळं दूध गाईचं नसून नारळ आणि तांदळाच्या दुधाचं असतं. उपास नसलेल्या कुणीही ते निर्धास्त प्यावं.

ॲनिमल किंग्डममध्ये सकाळ प्राण्यांची. सफारी सकाळच्या गारव्यातच करावी. हे पार्क बऱ्याचदा इतरांपेक्षा लवकर बंद होतं, म्हणून इथे रात्रीच्या जेवणाचा बेत ठेवू नये. पँडोराच्या भागातलं सातुली कँटीन हे माझ्या मते चारही पार्कांतलं सर्वोत्तम काउंटर आहे. भात किंवा इतर धान्य, त्यावर कुरकुरीत तिखट टोफू, भाज्या आणि हवा तो सॉस, असा वाडगा आपल्या आवडीप्रमाणे भरून मिळतो. आपल्या जिभेला त्यात घरचं काहीतरी सापडतं.

या पार्काजवळच ॲनिमल किंग्डम लॉज हे हॉटेल आहे आणि त्याच्या किडानी व्हिलेज या भागात सना नावाचं रेस्टॉरंट. हॉटेलात जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. आफ्रिकन स्वयंपाक आणि भारतीय मसाले यांचा मेळ इथे आहे. ब्रेड सर्व्हिस मागवली की नान, कुलचा, पनीर पराठा असे प्रकार येतात आणि त्यांच्याबरोबर छोट्या वाट्यांमध्ये चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं मांडलेलं असतं. सातही जणांनी वाट्या एकमेकांकडे सरकवत पंगत मांडली. खिडकीबाहेर गवतात झेब्रे चरत होते. एक जिराफ झाडाचा शेंडा ओरबाडत जवळ आला, तेव्हा आईच्या हातात नानचा तुकडा तसाच राहिला आणि भाची ओरडली, “आजी, तोही जेवतोय!” इथे अंधार पडण्याआधीची वेळ घ्यावी, नाहीतर बाहेरचं काहीच दिसत नाही. माझ्या मते मराठी कुटुंबानं डिस्ने वर्ल्डमध्ये एकच टेबल राखायचं ठरवलं, तर ते हेच असावं.

पैसा आणि बुकिंगच्या खुब्या

काउंटरवरचं जेवण पेयासह मोठ्या माणसाला साधारण १५ ते २० डॉलरला पडतं. पात्रं भेटतात अशी जेवणं बहुधा ५० डॉलरच्या पुढे सुरू होतात आणि किल्ल्यातली त्याहून बरीच वर जातात. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास लागतो. टेबलावरच्या जेवणाला १८ ते २० टक्के टिप द्यावी लागते, आणि सहा किंवा अधिक माणसं असली की १८ टक्के बिलातच धरतात. बिल नीट वाचावं, नाहीतर टिप दोनदा दिली जाते. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा दर लागतो, तीन वर्षांखालच्या मुलाला बुफेत पैसे पडत नाहीत. काउंटरवर मुलांचं छोटं ताट मोठ्या माणसालाही मागवता येतं. आई रोज तेच घ्यायची आणि तिला ते पुरायचं.

हवं ते टेबल ६० व्या दिवशी मिळालं नाही, तर निराश होऊ नये. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं, त्यानंतर रद्द केलं किंवा गेलोच नाही तर माणशी दहा डॉलर कापतात. त्यामुळे लोक आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी बेत बदलतात आणि टेबलं सुटतात. त्या दोन वेळांना ॲप उघडून बघावं. रेस्टॉरंटजवळ असलात तर ऐनवेळच्या प्रतीक्षायादीतही नाव घालता येतं. मोठ्या कुटुंबाला सात जणांचं टेबल मिळत नसेल, तर चार आणि तीन अशी दोन टेबलं शेजारच्या वेळांना घ्यावीत आणि पोचल्यावर जवळजवळ बसवण्याची विनंती करावी.

सगळ्याच दिवसांना टेबल लावू नये. ठरलेल्या वेळेला पोचायचं म्हणून आवडत्या राईडवरून मुलांना ओढून नेणं सुरू झालं, की जेवणाचंच ओझं होतं. एक दिवस टेबल, एक दिवस फक्त काउंटर आणि शिदोरी, असा क्रम आलटून पालटून ठेवला तर खिसाही सांभाळला जातो आणि पोटही.

तेव्हा तिकिटं काढायच्या आधी एक कागद घ्या. प्रत्येक दिवसाला एक रकाना करा आणि त्यात सकाळी अकरा, दुपारी तीन आणि रात्रीचं घरी परतणं एवढ्या तीनच वेळा लिहा. घरातलं सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणूस त्या तीन वेळांना कुठे बसलेलं असेल, हे ठरवा. मग राईडची यादी मुलांच्या हाती द्या आणि उरलेल्या जागा त्यांनाच भरू द्या.